काहून आली?

भूतखेत, संकेत-बिंकेत या भानगडीत मी कधी पडलो नाही. अमरावतीत वकिली करतो. पुरावा दाखवा, मग बोला, असा माझा खाक्या. पण या वेळी पुरावाच जास्त झालाय, म्हणून लिहितोय...

काहून ही आमची मांजर. पिल्लू असताना 'म्याऊ'ऐवजी चक्क 'काहून, काहून' असं ओरडायची, म्हणून आईनं ठेवलेलं नाव. आमच्या वऱ्हाडीत काहून म्हणजे का. आई पोळ्या लाटता लाटता तिला उत्तरही द्यायची, "काहून म्हंजे? दूध तापून राह्यलं ना!"

आई गेली आणि मी बाबांना अकोल्याहून इकडे आणलं. सामान भरताना काहून टोपलीतून उडी मारून पळाली. खूप शोधलं, शेवटी तसेच निघालो. बाबांनी जेवण सोडल्यातच जमा होतं. दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि फाटक वाजलं की विचारायचे, "काहून आली?" शेजारच्या काकू पहिल्यांदाच वाटीभर शिरा घेऊन आल्या, तर त्यांनाही तेच! बिचाऱ्या वाटी ठेवून फणकाऱ्यानं परत गेल्या. ते मांजराचं नाव आहे हे पटवताना माझी पुरेवाट झाली. हसू येत होतं, पण खरं सांगतो, मी घाबरलो होतो. आईच्या मागोमाग बाबाही जातात की काय...

एका दुपारी रेहानाखालांचा व्हिडिओ कॉल आला. अकोल्यातल्या आमच्या जुन्या शेजारीण.

"वकीलसाब, मिल गयी! तुमची काहून! हे पाहा, माह्या मांडीवर बसून हाये."

तीच होती. उजवा कान फाटका, गळ्यात आईच्या साडीच्या जांभळ्या काठाची पट्टी. माझ्याकडे बघून म्हणालीसुद्धा, 'काहून?' मी फोन घेऊन बाबांकडे धावलो.

बाबांच्या मांडीवर काहून होती.

तोच कान. तीच पट्टी, आणि तिला आईची ती कधीच न सुटणारी निरगाठ. अकोला इथून जवळजवळ शंभर किलोमीटर!

"बाबा, ही कधी आली?"

"आत्ताच."

"मग ही कोण?" मी फोन पुढे केला.

बाबांनी चष्मा लावून पाहिलं. "तेही आपलीच," म्हणाले. "जाय, पोळी आन दुधात कुस्करून. आमा दोघाईले."

तेवढ्यात फोनमधली मांजर खालांच्या मांडीवरून उतरली आणि आमच्या जुन्या घराच्या दिशेनं गेली. दुसऱ्याच दिवशी मी अकोल्याला गेलो. खालांच्या ओढणीवर केस तेवढे होते. तिथली मांजर पुन्हा कुणालाच दिसली नाही. सारख्या दिसणाऱ्या दोन मांजरी असतील, हे मी मानतो. पण आईनं पट्टी एकच बांधली होती...

बाबा आता नीट जेवतात. मला तेवढं पुरे, असं मी स्वतःला सांगतो. फक्त एक गोष्ट. बाबांकडे आल्यापासून ही इथली मांजर एकदाही ओरडलेली नाही. परवा न राहवून मी विचारलं, "बाबा, हे आता बोलत काहून नाई?"

बाबा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. म्हणाले, "तिले समजलं असंन."

काय समजलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. घरात 'काहून, काहून' करणारा आता मी एकटाच उरलोय.