लिन आपांची खिडकी

लिन आपा गिऱ्हाइकाचं तोंड नंतर बघायच्या, भांडं आधी. हैदराबादला आबिड्समध्ये मोठ्या पोस्टामागच्या गल्लीत त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर होते. पुढच्या दारावर कवळीचं चित्र रंगवलेलं, आणि मागच्या खिडकीतून आपा चिनी खाणं विकायच्या. बसायला जागा नाही. आपलं भांडं न्यायचं, भरून घ्यायचं, घरी जाऊन खायचं.

कचेरीतल्या मित्रांनी तिथलं खाऊन दाखव अशी पैज लावली म्हणून मी पहिल्यांदा तिथे गेलो. परक्या खिडकीत आपलं घराणं दिसावं या हौसेने चिंच लावून लखलखीत घासलेला पितळी डबा नेला होता. खिडकीत साडेचार फुटांची, पांढरे केस घट्ट बांधलेली बाई. जन्म कलकत्त्याचा, पण तीस वर्षांत जीभ पक्की हैदराबादी झालेली.

"पहले बरतन बताओ," त्या म्हणाल्या. मी ऐटीत डबा पुढे केला. त्यांनी आत डोकावून पाहिलं, आतून बोट फिरवलं आणि डबा परत माझ्या हातात दिला.

"कलई गई. सिरके का सूप डाले तो जहर होता. बाहर से शादी, अंदर से मय्यत! जाओ, कलई कराके आओ."

रांगेतले लोक हसले. पितळेत आंबट कळकतं हे मला, पितळेच्या भांड्यांत वाढलेल्याला, एका चिनी बाईने शिकवलं. माझा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. त्यांनी स्वतःच्या चिनीमातीच्या वाडग्यात सूप दिलं, ते मी गल्लीत उभ्यानेच प्यालो. आलं, मिरी, सिरका आणि कोवळा कोबी. दुसऱ्या घोटाला कान गरम झाले, तिसऱ्याला पैज विसरलो. कल्हई केलेला डबा घेऊन मी आठवड्याला दोनदा जाऊ लागलो.

त्याच वर्षी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. आमचा मराठी मुलूख मुंबईकडे गेला, आणि कचेरीत रोज बदल्यांच्या नव्या याद्या लागू लागल्या. थोरला भाऊ बिऱ्हाड उचलून औरंगाबादला गेला, त्याच्याबरोबर आईची दोन्ही नातवंडंही. माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. अफझलगंजच्या घरात मी आणि आई, दोघंच उरलो. आणि आईने जेवण सोडलं. रुसून नव्हे. घास तोंडात घ्यायची, फिरवायची, बाजूला काढायची. "चवच नाही रे," एवढंच. आमचे डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले, "रोग काही नाही. पण असंच चाललं तर महिना काढणार नाहीत."

मला आपांचं सूप आठवलं. पण आई कांदालसूण न खाणारी, बाजारात पाणीसुद्धा न पिणारी. आपांना सांगितलं, तर त्यांनी हातातला झारा खाली ठेवला.

"मेरी कढ़ाई में मुर्गी पकती बाबू. अम्मा की कढ़ाई लाओ, उसमें पकाती. मगर उनको बोलके लाओ."

दुसऱ्या दिवशी आईची लोखंडी कढई वर्तमानपत्रात गुंडाळून नेली.

"बोले अम्मा को?"

"हौ," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

घरी वाटीत सूप ओतून आईपुढे ठेवलं. पहिल्या घोटाला तिचे डोळे उघडले. दुसरा घोट, तिसरा. मी मनात स्वतःची पाठ थोपटतोय, तेवढ्यात तिने विचारलं, "कोणाच्या हातचं?"

"सुलतान बाजारच्या खाणावळीतलं. ब्राह्मणाची आहे."

"मग खाणावळीत माझी कढई कशाला गेली होती?"

असलं खोटं रचायला जी अक्कल लागते, ती माझ्याकडे कधीच नव्हती. सगळं सांगितलं. आईने वाटी सरकवली आणि भिंतीकडे तोंड केलं. आपांकडे जाऊन कबुली दिली, तर त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. "मेरे हाथ से झूट खिलाए तुम," म्हणाल्या, आणि खिडकीची फळी माझ्या नाकासमोर लावून घेतली. कचेरीतल्या साहेबाच्या आरडाओरड्याने मी कधी दचकलो नाही. त्या लागलेल्या फळीपुढे मात्र मी मान खाली घालून उभा राहिलो.

तीन दिवस आई पाण्यावर होती. चौथ्या दिवशी सकाळी उठून बसली. "रिक्षा बोलाव. कढई घे. चव खरी होती, आता माणूस बघायचंय."

खिडकीशी पोचलो. माझ्याकडे आपांनी बघितलंही नाही. आईच्या हातून कढई घेतली, राखेने घासली, हात कोपरापर्यंत धुतले.

"प्याज-लहसन नक्को हं," आई म्हणाली.

"मालूम, अम्मा."

जाळ भडकला. कोबी पडला तशी आपांनी मान कलती केली, डोळे मिटल्यासारखे केले, आणि आवाज बदलताच पाणी ओतलं. आई खिडकीची कड धरून एकटक बघत होती. एकदम माझ्याकडे वळली.

"अरे, चाखत नाही ही! इतके महिने येतोस, एवढंही दिसलं नाही तुला?"

नव्हतं दिसलं. मी वाडग्यात बघत होतो.

"बाई, चखे बगैर नमक कैसा समझता?" आईने विचारलं.

"कान से, नाक से. खानेवाले से पहले मैं कैसा खाऊं, अम्मा?"

आईने पन्नास वर्षं देवाचा नैवेद्य असाच न चाखता केला होता. ती दातांच्या दवाखान्याच्या मागच्या पायरीवर, भर रस्त्यात, पदर सावरून बसली. आपांनी बाहेर येऊन कढई तिच्यापुढे ठेवली आणि शेजारी उकिडव्या बसल्या. आईने सगळं सूप संपवलं. मी दोन म्हाताऱ्यांपुढे चप्पल हातात घेऊन उभा होतो. देवळात आल्यासारखी ती केव्हा काढली, माझं मला कळलं नाही.

पुढे सहा महिने आठवड्यातून दोनदा रिक्षा आणि कढई. मग औरंगाबादच्या यादीत माझं नाव लागलं. ते सांगायला आई स्वतः गेली.

"वहां कौन खिलाता आपको?" आपांनी विचारलं.

"खिलाना कैकू? मैं पकाती."

औरंगाबादला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आईने चूल पेटवली. सगळ्यांच्या पानात आमटी वाढली आणि मला विचारलं, "कशी झालीय?" भावाने 'छान म्हण' असा मांडीला चिमटा काढला. पण मला आपांची ती लागलेली फळी दिसत होती.

"खारट," मी म्हणालो, आणि वाटी पुन्हा पुढे केली.