खालची रेघ

“भाव मले दिसते. जोर कुठी आहे ते पहा,” असं म्हणत गार्डसाहेब चष्मा काढायचे आणि त्याची काडी कागदावर टेकवायचे. कुणी पाहत नसे. आपलं कुणी ऐकत नाही हे ठाऊक असूनही रोज येऊन बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची कीव येते. गार्डसाहेबांची मला कधी आली नाही. मला त्यांचा राग यायचा.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. अकोल्याच्या कापूस बाजारात मी फळ्यावर भाव लिहीत असे. मुंबईहून टेलिफोनवर रुईच्या वायद्याचा भाव आला की मी तो खडूने लिहायचा आणि खाली दलालांनी कल्लोळ करायचा. गार्डसाहेब मूळचे बडनेऱ्याचे. मालगाडीवरची गार्डाची नोकरी संपवून अकोल्यात बहिणीकडे राहत. सौदा कधीच करत नसत. दुपारी यायचे, फळ्याखाली उभे राहायचे आणि भर बाजारात मोठ्याने विचारायचे, “मास्तर, हा नऊ आहे का एक? शाळेत गेल्ते का नाई?”

बाजार हसायचा. मी नऊ पुसून पुन्हा काढायचो.

त्यांच्या आलेखाच्या कागदावर दोन रेघा असत. वरची भावाची. आजचा भाव दहा दिवसांमागच्या भावापेक्षा किती वर किंवा खाली, ते दाखवणारी खालची. हिला ते जोर म्हणत. एकदा टेलिफोन बंद पडला होता, तेव्हा त्यांनी मला ते समजावलं.

“चढावर गाडी थांबाच्या आंधी पुढंच जात असते. डायवरले वाटते, चाललो. मी मांगच्या डब्यात घड्याळ घेऊन बसो. दोन मैलांच्या दगडांतला वेळ वाढून राहिला, का समजो, हे आता थांबते. तसंच हे. भाव नवा उंच गेला अन् खालची रेघ उंच गेली नाई, त दम तुटला.”

मला ते पटलं. पटलं असं मात्र मी म्हणालो नाही.

आणि ते काही दरवेळी बरोबर नसत. त्याच वर्षी दोनदा त्यांनी मंदी सांगितली, दोन्हीदा भाव चढतच गेला. दलाल टपलेलेच असत. “काय गार्डसाहेब, थांबली का गाडी?”

“चुकलो. चढाव मोठा होता,” म्हणत ते नवा कागद काढत. हरलेल्या माणसाने जरा तरी ओशाळावं, एवढीच आमची अपेक्षा होती. तीही त्यांनी पुरवली नाही.

माझा मेव्हणा त्याच बाजारात दलाल होता. ही नोकरी मला त्यानेच लावून दिली होती. एका जिनिंग कारखान्यात त्याची भागी होती. तेजी लागली तसा तो रोज घेतच सुटला. एका दुपारी मी त्या हंगामातला सगळ्यात चढा भाव लिहिला. मेव्हण्याने पेढे मागवले. गार्डसाहेब कागद घेऊन सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“पहा. भाव मांगच्यापेक्षा उंच, अन् जोर अर्धा. माल इकून मोकये व्हा.”

“पांढऱ्या पायाच्या माणसा, निघ इथून!”

“कल्ला काहून करून राहिले? मले काय भेटते याच्यात?”

मेव्हण्याने त्यांच्या कानफटात मारली. चष्मा खाली पडला आणि कुणाच्या तरी वहाणेखाली फुटला. मेव्हण्याने कागद फाडून तुकडे त्यांच्या डोक्यावर टाकले. बाजाराने टाळ्या वाजवल्या. गार्डसाहेबांनी चष्म्याविना, डोळे बारीक करून, वर माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, तुमाले त समजलं होतं. सांगा ना यायले.”

मी फळ्याकडे तोंड केलं आणि बरोबर असलेला आकडा पुसून पुन्हा लिहिला.

आठवडाभरात भाव फिरला. फिरला तो कोसळतच गेला. मेव्हण्याची जिनिंगमधली भागी गेली. मग तरी कुणी गार्डसाहेबांकडे जावं! उलट, यानेच नजर लावली, असं सगळे म्हणू लागले. त्यांना आत सोडू नका, असं फाटकावरच्या पहारेकऱ्याला सांगण्यात आलं. मेव्हण्याच्या ओसरीवर बसून मीही त्यांना शिव्या दिल्या. बायको म्हणाली, “पण त्यांनी तर आधीच सांगितलं होतं ना?” मी तिच्यावर ओरडलो.

काही दिवस ते फाटकाबाहेर उभे असायचे. मी सुटून निघालो की विचारायचे, “मास्तर, आज काय भाव बंद झाला?” मी सायकलवर टांग टाकून निघून जायचो. मग ते दिसेनासे झाले.

दोन वर्षांनी अमरावतीला जाताना गाडी बदलायला बडनेऱ्याला उतरलो, तर ते बाकावर बसले होते. मी पुढे जाऊन म्हणालो, “गार्डसाहेब, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

“हो,” ते म्हणाले. “पायजे होतं.”

“नोकरी मेव्हण्याने लावलेली. भीती वाटली.”

“मले काहून सांगून राहिले?”

अमरावतीची गाडी लागली. त्यांची पिशवी उचलायला मी हात पुढे केला. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली, दांडा धरून सावकाश डब्यात चढले आणि खिडकीशी बसून तिची फळी खाली ओढली.

मलाही त्याच गाडीने जायचं होतं. मी ती जाऊ दिली.