तीन रंगांच्या बर्फीच्या कडा

नवरात्रात रजनी गेली, आणि दिवाळीच्या आधीच दिगंबर मास्तर खोटं बोलायला लागले.

तसा माणूस सरळ. आता मास्तर म्हणजे काही शाळेतले नव्हेत. बऱ्हाणपुरात कापड रंगवायच्या कारखान्यात चौतीस वर्षं रंग कालवले, म्हणून कलर मास्टर, आणि गल्लीच्या तोंडी मास्तर. सिंधीपुऱ्यात नवीन राहायला आलेली माणसं पोरांच्या शिकवणीचं विचारायला यायची, तेव्हा हे नुसते हात करून पुढची गल्ली दाखवायचे. बोलण्याचा सगळा आनंदच होता. "यांच्याकडून शब्द काढणं म्हणजे विहिरीतून पाणी शेंदणं, अन दोर आपणच आणायचा," असं रजनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, त्यांच्या देखत. मास्तर त्यावरही काही बोलायचे नाहीत.

खोटं सुरू झालं ते असं. तेरावं उरकलं, पाहुणे गेले, मुलगा प्रशांत इंदूरला नोकरीवर परतला. त्याच्या दुसऱ्या दिवशी फळीवर ठेवलेला रजनीचा मोबाइल वाजला. इतवाऱ्यातल्या कुणी बाई होत्या. दिवाळीसाठी तीन रंगांची बर्फी सांगायची होती, रजनीताई आहेत का? मास्तरांनी खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "बाहेर गेली आहे."

फोन ठेवला. वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. दुपारी आडवे झाले तेव्हा मात्र दाराची कडी लावायची त्यांनी राहू दिली. बाहेर गेलेलं माणूस परत येतं तेव्हा दार उघडं लागतं. असा विचार काही त्यांनी केला नव्हता. हाताने आपोआप कडी सोडून दिली, एवढंच. पुढे तीच सवय झाली.

एक गोष्ट सांगायची राहिली. मास्तर रडले नव्हते. दवाखान्यात नाही, घाटावर नाही, दहाव्यालाही नाही. शेजारच्या धुरपदाबाई रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "रडा हो मास्तर. पुरुषमाणसानं रडू नाही असं कोणत्या पोथीत लिहिलं? आत साचलं तर सडते." मास्तर मान हलवायचे. प्रयत्नही करून पाहायचे बिचारे. पण मांडी घालून फार वेळ बसलं की पाय कसा आपला राहत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं त्यांचं सगळंच होऊन बसलं होतं. उठायचे, अंघोळ करायचे, डबा लावला होता तो खायचे, ताट घासायचे. कॅलेंडर ऑक्टोबरवरच राहिलं होतं.

प्रशांत फोनवर म्हणायचा, "बाबा, आईची ती सिम बंद करून टाका ना. कशाला रिचार्ज करत बसता?" मास्तर "हाव" म्हणायचे आणि रिचार्ज करायचे. कारण गल्लीत रजनी मेलेली होती. गल्लीने तिला खांदा दिला होता. पण बर्फीची गिऱ्हाइकं इतवाऱ्यात, लालबागेत, नेपानगरात विखुरलेली, सगळा व्यवहार फोनवरचा. त्यांना पत्ता नव्हता. त्या फोनमध्ये रजनी कधी बाहेर गेलेली असायची, कधी माहेरी, कधी अंघोळीला. मास्तर खुळे नव्हते. तिची राख तापीत त्यांनीच सोडली होती. पण लालबागेत कुणी एक बाई अजून तिला हाक मारते आहे, तोवर ती पुरती गेलेली नाही, एवढं एक बोट धरून ते उभे होते. ते सुटलं तर पुढे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्याचीच भीती होती.

डिसेंबरात स्नेहलचा फोन आला. ही लालबागेत बालवाडी चालवते. नाताळची सुट्टी लागायच्या आधी ती पोरांची पार्टी करते, आणि चार वर्षं त्या पार्टीला रजनीचीच बर्फी जात होती. बऱ्हाणपुरात माव्याची जिलबी सोडून कुणी दुसऱ्या गोडाकडे बघत नाही म्हणतात. पण लहान पोरांना चौकोनी, रंगीत, हातात मावणारं काहीतरी हवं असतं, आणि ते रजनीला नेमकं ठाऊक होतं.

"काका, काकूंना द्या ना फोन."

"भाजीले गेली."

"बरं, मग सांगा त्यांना. तेवीस तारखेला पार्टी है बच्चों की. हर साल जैसी, सफेद, गुलाबी, हिरवी. आणि विचारा त्यांना, माझ्यावर रुसल्या का? किती फोन केले मी. कधी बाहेर, कधी माहेरी!"

इथे नाही म्हणायचं होतं. दिवाळीत सगळ्यांना नाहीच म्हटलं होतं त्यांनी. पण नाही म्हटलं की पोरगी घरी येणार, आणि घरी आली की भिंतीवरच्या फोटोला हार दिसणार. मास्तर म्हणाले, "हाव. सांगतो तिले."

बर्फी करणं काही अवघड नव्हतं. तूप, दूध, साखर, दुधाची पावडर, खोबऱ्याचा कीस. मंद आचेवर हलवत राहायचं, गोळा कढईच्या कडा सोडू लागला की उतरवायचा, तीन वाटे करायचे, दोनांत रंग घालायचा, ताटात एकावर एक थापायचे. रजनी म्हणायची, लहान पोरगीही करेल. मास्तरांनी वर्षानुवर्षं दारात उभं राहून हे पाहिलं होतं. दारातच, आत रंगापाशी यायला त्यांना बंदी होती. "तुमचा हात कापडाचा. खायचा रंग माझ्याकडे राहू द्या," म्हणायची ती. चौतीस वर्षं ज्याच्या शब्दावर कापडाचे थानच्या थान रंगायचे, त्या कलर मास्टरची घरात ही किंमत!

दाराशी उभं राहण्याचं त्यांना फळ मिळायचं ते कडांचं. पार्टीला चौकोनी वड्या लागतात, म्हणून ताटाच्या गोल कडा कापून बाजूला पडायच्या. त्या स्टीलच्या डब्यात भरून ती मास्तरांपुढे ठेवायची आणि विचारायची, "साखर बरोबर आहे?" मास्तर एक तुकडा तोंडात टाकायचे. "बरोबर."

हे मात्र त्यांचं जुनं खोटं होतं. कारखान्यातल्या ब्लीचच्या आणि ॲसिडच्या वाफांनी त्यांचं नाक कधीच गेलं होतं, आणि शेवटची दहा-बारा वर्षं जिभेलाही काही कळेनासं झालं होतं. गोड, खारट, सगळं एकच. रजनीला त्यांनी हे सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगायचं तर बोलावं लागलं असतं.

बावीस तारखेला दुपारी त्यांनी कढई चढवली. साखरेला तिचीच पितळी वाटी घेतली, ती किती वाट्या घालायची हे पाठ होतं. पावडर पडली, वाफ गल्लीत गेली, आणि धुरपदाबाई पदर खोचून दारात.

"मास्तर! वरीस सरलं नाही अजून. बाई गेलेल्या घरात गोडाची कढई चढवून राहिले?"

"घरात खायले नाही. ऑर्डरची आहे."

"ऑर्डर कुणाच्या नावाची?"

मास्तर हलवत राहिले. धुरपदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, फळीवरच्या फोनकडे पाहिलं. बाई शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांना कुणी काही समजावून सांगावं लागत नसे. थोड्या वेळाने त्या एवढंच म्हणाल्या, "खाली लागेल ते. बुडापासून हलवा." आणि ओट्यावर जाऊन बसल्या.

गोळा उतरला. पांढरा भाग तसाच ठेवला. गुलाबी रंगाची बाटली हातात घेतली, तेव्हा तीन महिन्यांत पहिल्यांदा मास्तरांचा हात आपणहून हलला. इथे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. दोन थेंब टाकले, मळलं, उजेडात धरलं. रजनीची बर्फी असायची कण्हेरीच्या फुलासारखी. हीही तशीच आली होती, अगदी नेमकी. इथेच थांबायचं होतं. पण जित्याची खोड! ओलं कापड गडद दिसतं आणि वाळलं की रंग उतरतो, म्हणून ओल्यात रंग दोन पायऱ्या वर ठेवायचा, हे चौतीस वर्षं त्यांनी कारागिरांना ओरडून ओरडून सांगितलं होतं. गोळा अजून ओला होता, गरम होता. उद्यापर्यंत वाळेल, फिका पडेल. मास्तरांनी आणखी चार थेंब टाकले. हिरव्यालाही तोच न्याय लावला.

दुधाच्या पावडरीचं कापडाच्या उलट असतं. रंग रात्रभर मुरतो आणि सकाळी चढतो. रजनीने त्यांना रंगापाशी येऊ न देण्याचं कारण हेच होतं, पण तिने ते कधी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. दोघंही आपापल्या जागी हुशार.

सकाळी ताटावरचं फडकं काढलं आणि मास्तर बघतच राहिले. हिरवा पोपटाला लाजवील असा. गुलाबी तर लग्नातल्या शालूचा. कारखान्यात असा माल आला असता तर त्यांनी तो परत पाठवला असता, वर चार शब्द ऐकवले असते. आता परत कुणाकडे पाठवणार? पार्टी अकराला होती. त्यांनी सुरी तुपात बुडवली, कडा कापल्या, सवयीने स्टीलच्या डब्यात टाकल्या, वड्या पाडल्या, खोक्यात भरल्या आणि स्कूटरवरून लालबागेत नेऊन दिल्या. लहान पोरांना काय कळतंय, असं रस्ताभर स्वतःला सांगत गेले. स्नेहल आत पोरांना टोप्या घालण्यात गुंतली होती. खोकं मदतनीस बाईच्या हातात देऊन मास्तर तसेच वळले.

चार वाजायला आले होते तेव्हा फोन वाजला.

"काका, काकू आहेत घरी?"

"नाही. बाहेर..."

"काका, एक विचारू? रागावू नका. ही बर्फी काकूंनी नाही केली ना?"

"काहून?"

"गुलाबी बघून कळलं मला. मी एकदा म्हटलं होतं काकूंना, जरा डार्क करा, फोटो में अच्छा आता है. तर म्हणाल्या, नाही बाई, लेकरांच्या जिभा रंगतात, मग त्यांच्या आया मले शिव्या देतात. आणि आज सगळ्या पोरांच्या जिभा लाल. काकू असं करणारच नाहीत. काका, काकू बऱ्या आहेत ना?"

आयुष्यभर दुसऱ्याच्या रंगातली चूक काढणारा माणूस रंगातच पकडला गेला. मास्तरांनी दाराकडे पाहिलं. कडी सोडलेलीच होती. ओट्यावर धुरपदाबाई तांदूळ निवडत होत्या. दुसरं कुणी येत नव्हतं.

"गेली," ते म्हणाले. "नवरात्रात."

पलीकडे पार्टीनंतरच्या खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते, तेही थांबले. मग स्नेहल रडायला लागली. इतक्या लांब, जिने रजनीला उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं असेल, ती रडत होती आणि मास्तर कोरड्या डोळ्यांनी ऐकत होते. त्यांना लाज वाटली.

"मग केली कुणी?" तिने नाक ओढत विचारलं.

"मी."

"तुम्ही? पण चव तर बरोबर होती, काका. तुम्हाला कशी कळली?" आणि तिने एकदम जीभ चावली.

"कशी म्हणजे?"

"म्हणजे... काकू सांगायच्या मला. आमच्या यांना दहा वर्षं झाली, चव कळत नाही. मीठ घालून दिलं तरी बरोबरच म्हणतील. मी म्हटलं, मग दरवेळी विचारता कशाला? तर हसल्या. म्हणाल्या, अगं, तेवढं तरी बोलतात ना माझ्याशी."

मास्तर म्हणाले, "हाव." फोन कधी बंद झाला ते त्यांना समजलं नाही.

बऱ्याच वेळाने ते स्वयंपाकघरात गेले. स्टीलचा डबा उघडला. कडांचे तुकडे होते, पांढरे, हिरवे, भडक गुलाबी, एकमेकांना चिकटलेले. दरवेळी ते दारात उभे राहायचे आणि ती आत शेगडीशी असायची. आज ते शेगडीशी उभे राहिले. एक तुकडा तोंडात घातला. मऊ लागला, खोबरं दाताखाली आलं. बाकी काही नाही. घरात कुणी काही विचारलं नाही, तरी त्यांनी उत्तर दिलं, मोठ्याने, कुणी आतल्या खोलीत असल्यासारखं.

"चव कळत नाही गं मले. कधीची कळत नाही."

एवढं बोलले आणि त्यांना रडू फुटलं. डबा हातात, तोंडात घास, आणि माणूस लहान पोरासारखा मोठ्याने रडत होता. बाहेर ओट्यावर धुरपदाबाईंनी सूप खाली ठेवलं, पण त्या आत आल्या नाहीत.

रडणं ओसरलं तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. मास्तरांनी तोंड धुतलं, गुलाबी झालेले हात धुतले, आणि जाऊन दाराची कडी लावली.