ऐला केटोला शिडी उतरली नाही

ऐला केटोला वर्षाला किती कमावते, हे आमच्या ॲस्टोरिया गावात सगळ्यांना माहीत होतं. ती नेमकं काय करते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. पायलट होती ती. विमानाची नव्हे, जहाजाची. आमची कोलंबिया नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचे उथळ पट्टे आहेत, आणि ते दर हिवाळ्यात जागा बदलतात. बाहेरच्या कप्तानाला तिथून जहाज काढता येत नाही. कायद्याने परवानगीही नाही. मग आमचा पायलट जहाजावर चढतो, तासा-दोन तासांत ते नदीच्या तोंडातून पार करतो आणि उतरतो. दोराच्या शिडीवरून चढायचं, दोराच्या शिडीवरूनच उतरायचं. खाली त्याला घ्यायला एक बोट असते. ती बोट एकतीस वर्षं मी चालवली. माझं नाव ऑर्व्हिल सुंड.

ऐलाचा बाप ओनी माझा दोस्त. जन्मभर सामन मासा धरला, आणि ज्या वर्षी मासा कमी आला त्या वर्षी डबे भरायच्या कारखान्यात उभा राहिला. पोरगी अठराची झाली तशी त्याने तिच्यासाठी त्याच कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. ती गेली नाही. कॅलिफोर्नियातल्या नौका विद्यालयात नाव घातलं आणि तिथून थेट समुद्रावर. बावीस वर्षं. डेक धुण्यापासून कप्तानापर्यंत. मधे लग्न झालं, मोडलं, आणि ब्रिटा नावाची मुलगी झाली, ती ओनीनेच वाढवली. ऐला घरी यायची ती पाहुण्यासारखी. तीन महिने बाहेर, सहा आठवडे घरी. ब्रिटा तिला आधी हात पुढे करून भेटायची आणि मग आजोबांच्या मागे जाऊन उभी राहायची.

पायलट व्हायचं म्हणजे नुसतं शिकून भागत नाही, जागा रिकामी व्हावी लागते. ती कुणी निवृत्त झालं की होते, नाहीतर कुणी मेलं की. ऐलाने दोनदा अर्ज केला, दोनदा जागा नव्हती. तिसऱ्यांदा होती, कारण हाल्वर मोएन हा पायलट गेला होता.

हाल्वर माझ्या बोटीवर येताना गेला. नोव्हेंबरचा महिना, भर दुपार. तो शिडीच्या शेवटच्या पायरीवर होता, लाटेने माझी बोट वर उचलली, आणि त्याने अर्धा क्षण आधी हात सोडला. की मी अर्धा क्षण उशिरा वळवली? चौकशीत कुणाचाच दोष निघाला नाही. कागद माझ्याकडे आहे.

गावात लोक म्हणायचे, केटोलाच्या पोरीला मेलेल्याची खुर्ची मिळाली, आणि खुर्ची सोन्याची आहे. वर्षाला पाच लाख डॉलर. बेकरीत डेल रुक बसलेला असायचा, कारखान्यातला मुकादम, जिभेला हाड नाही. एकदा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ऐला, तासभर शिडी चढायची न् उतरायची, आणि गव्हर्नरपेक्षा जास्त पगार. माझ्या बायकोला पण शिकव की."

"आण तिला," ऐला म्हणाली. "पोहता येतं का विचार आधी. तसा त्याचा काही उपयोग होत नाही म्हणा. पाणी इतकं गार असतं."

तिने वेलदोड्याचा पाव घेतला आणि गेली. बापाला नवं घर बांधून द्यायची तिची फार इच्छा होती. ओनी म्हणायचा, "माझ्या घराला काय झालंय? सौनाची शेगडी तेवढी धूर सोडते, ती बदलून दे." तिने त्या वाफेच्या न्हाणीघराची शेगडी बदलून दिली. त्यापलीकडे त्याने तिच्याकडून काही घेतलं नाही.

लहानपणापासून ती मला काका म्हणायची. कामावर मात्र ऑर्व्हिल. ते तिनेच ठरवलं होतं आणि कधी चुकली नाही.

आता त्या गुरुवारचं सांगतो. फेब्रुवारी होता. शनिवारी ब्रिटाचं लग्न होतं, आमच्याच चर्चमध्ये. आणि त्या हिवाळ्यात माझ्या उजव्या हाताचा जीव जायला लागला होता. सारखा नाही, अधूनमधून. बोटं आपली राहायचीच नाहीत. मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं, झोप नीट होत नाही. बोट सोडून मला दुसरं काय येत होतं? त्या सकाळी पायलटांच्या ऑफिसात माझ्या हातून कप पडला. ऐला खाली वाकली, तुकडे गोळा केले, केराच्या डब्यात टाकले. मग कामाला निघाली.

जपानला निघालेलं गव्हाचं जहाज होतं, भरून वजनदार झालेलं. संध्याकाळी लाटा फार वाढणार होत्या, म्हणून दुपारच्या भरतीवर बाहेर काढायचं ठरलं. ऐला गावासमोर शांत पाण्यात जहाजावर चढली. मी मोठी बोट घेऊन नदीच्या तोंडाबाहेर जाऊन थांबलो. माझ्यासोबत डेकवर लाइल होता. पायलट उतरताना त्याला धरायचं काम त्याचं. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. एरवी अशा हवेत हेलिकॉप्टर येऊन पायलटला उचलतं. पण त्या दिवशी ढग इतके खाली होते की ते उडणार नव्हतं.

एक वाजून काही मिनिटांनी रेडिओवर तिचा आवाज आला. "आमचं इंजिन बंद पडलंय." कॉफी मागावी तशा आवाजात.

मी दुर्बीण लावली. जहाज बरोबर वाळूच्या पट्ट्यांच्या मधे होतं, जिथे थांबायची सोयच नाही. उत्तरेला दगडी बांध, त्याच्यापलीकडे उथळ जागा. तिथे आजवर किती जहाजं फुटली ते आमच्याकडे कुणी मोजत नाही. वारा नैऋत्येचा. म्हणजे तो जहाजाला तिकडेच रेटत होता.

जहाजावर काय झालं ते तिने मला पुढे सांगितलं. कप्तान मगबानुआ नावाचा फिलिपिनो माणूस होता, सभ्य आणि अनुभवी. तो म्हणाला, "मॅडम, दोन्ही नांगर टाकू, लगेच."

"एक," ऐला म्हणाली. "आधी डावा. थोडीच साखळी सोडा. घासत जाऊ दे."

"धरणार नाही."

"धरायला नकोच आहे अजून. आत्ता धरला तर साखळी तुटेल. आधी तोंड लाटांकडे वळू दे."

नांगर वाळूवर घासत गेला. जहाजाचं नाक हळूहळू पश्चिमेला वळलं. बांध किती जवळ आला होता ते मला बाहेरून दिसत होतं, आणि मी काही करू शकत नव्हतो. माझी बोट त्या जहाजापुढे म्हणजे बैलाच्या शिंगावरची माशी. लाइल हलक्या आवाजात प्रार्थना म्हणत होता. मला वाटतं, आपण म्हणतोय हे त्याला कळतही नव्हतं.

मग तिने दुसरा नांगर टाकायला लावला, आणि दोन्ही साखळ्या सोडत गेली. जहाजाने एक हिसका खाल्ला. पुढची लाट नाकावरून डेकवर गेली. पण ते थांबलं. बांधापासून त्याच्या स्वतःच्या लांबीइतकंही अंतर उरलं नव्हतं.

एकोणीस मिनिटं. दर तीन मिनिटांनी रेडिओवर ती आपली जागा सांगायची, आणि दर वेळी नांगर घसरून जागा थोडी सरकलेली असायची. खाली इंजिनवाली माणसं तेलाची गाळणी साफ करत होती. टाकीच्या तळाचा गाळ हलून वर आला होता. विसाव्या मिनिटाला धुराड्यातून काळा धूर निघाला, इंजिन सुरू झालं. लाइल डेकवरच बसला.

नांगर उचलून तिने जहाज बाहेर काढलं. गावात ही गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात. खरी गोष्ट याच्या पुढे आहे.

आता तिला उतरायचं होतं. बाहेर लाटा वीस फुटांच्या झाल्या होत्या. तिने जहाज आडवं करून घेतलं, म्हणजे एका बाजूला जरा आडोसा होतो, आणि त्या बाजूला शिडी सोडली. मी बोट लावायला गेलो. पहिल्यांदा बोट जहाजावर आपटली आणि लांब फेकली गेली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ती शिडीवर चार पायऱ्या उतरून थांबली होती, आणि माझा उजवा हात मेला. सुकाणूवर होता, पण माझा नव्हता. मी डाव्या हाताने सुकाणू धरलं. बोट पुन्हा लांब गेली.

रेडिओवर म्हणालो, "पुन्हा येतो. या वेळी बरोबर बसेल."

"नको."

"ऐला, परवा लग्न आहे."

"मला माहीत आहे."

"मी आणतो तुला. एकदा येऊ दे."

ती शिडीवर होती. एक हात दोरावर, एका हातात रेडिओ, आणि माझ्याकडे बघत होती. काचेच्या आतला मी तिला दिसत होतो. तिचा चेहरा मला नीट दिसत नव्हता.

"काका," ती म्हणाली, "परत जा."

आणि वळून चार पायऱ्या वर चढली. मग सगळ्यांना ऐकू जाणाऱ्या वाहिनीवर तिने ऑफिसला कळवलं, "मी उतरत नाही. निर्णय माझा. जहाजासोबत जपानला जाते. माझ्या मुलीला कळवा."

बोटीबद्दल एक शब्द नाही. माझ्याबद्दल नाही. लाइल माझ्याकडे बघत राहिला. मी बोट वळवली, आणि घरापर्यंत डाव्या हातानेच आणली.

शुक्रवारी सकाळी बेकरीत डेल रंगात आला होता. "पाच लाख घेते," तो म्हणाला, "आणि बोटीत उडी मारायची वेळ आली तर पाय लटपटले. पोरीच्या लग्नालासुद्धा नाही." एक जुना पायलटही तिथे होता. तो म्हणाला, "मी उतरलो असतो." मी कॉफी तशीच ठेवली आणि उठलो. तोंड उघडलं नाही. याची लाज मला अजून वाटते.

लग्नात ओनीने नातीचा हात धरून तिला पुढे नेलं. ब्रिटा हसत होती, पण जबडा आवळलेला. जेवणं सुरू झाली तेव्हा मी तिला चर्चच्या स्वयंपाकघरात गाठलं.

"तिच्याबद्दल नको बोलूस, ऑर्व्हिलकाका," ती म्हणाली. "माझ्या सातव्या वाढदिवसाला ती सिंगापुरात होती. दहाव्याला मला वाटतं ब्राझीलमध्ये. या वेळी निदान ती शिडीपर्यंत तरी आली."

"ती घाबरली नव्हती," मी म्हणालो. "माझा हात चालत नव्हता."

तिला कळेना. मग मी सगळं सांगितलं. कप, डॉक्टर, सुकाणू, डावा हात. हाल्वरचंही सांगितलं. ती ताटल्यांच्या चळतीला टेकून उभी होती.

"तिला कळलं होतं?"

"शिडीवरून दिसलं असणार."

"आणि तिने ते रेडिओवर सांगितलं नाही."

"नाही."

"तू का नाही सांगितलंस?"

ती माझ्याकडे बघत होती. तिची नजर प्रेमाची नव्हती, आणि ते बरोबरच होतं. मग तिने विचारलं, जहाजावर फोन लावता येतो का. मी ऑफिसचा नंबर लावून दिला, ते जोडून देतात. लग्नाच्या कपड्यांत ती स्टुलावर बसली आणि मी दार लावून बाहेर आलो. आत अर्धा तास गेला. बाहेर केक कापायचा थांबला होता, आणि नवरदेवाची आई मला तीनदा विचारून गेली.

सोमवारी मी ऑफिसात जाऊन हाताचं सांगितलं आणि बोटीची किल्ली टेबलावर ठेवली. तिथून बेकरीत गेलो आणि डेलच्या समोर उभा राहून तेच पुन्हा सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. डेलने शेजारची खुर्ची ओढली. मग म्हणाला, "बस, कॉफी घे." मी बसलो नाही.

ऐला सतरा दिवसांनी परत आली. ओनीच्या सौनात आम्ही तिघं बसलो होतो. ओनी दगडांवर पाणी टाकत होता. मी म्हणालो, "सकाळी कप पडला तेव्हाच तू मला थांबवायला हवं होतंस."

"हो," ती म्हणाली. "चुकलंच माझं. मला वाटलं, नुसता कप पडलाय. म्हणजे, तसं वाटून घेतलं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी त्या लाटांत बोट आणलीच नसती, आणि मला लग्नाला जायचं होतं."

ओनीने आणखी पाणी टाकलं तेव्हा मी विचारलं, "हाल्वरच्या वेळीही माझाच हात असेल का?"

"मला नको विचारूस. मी तिथे नव्हते."

दुसरं कुणी असतं तर माझं मन राखायला 'नाही' म्हणालं असतं. वाफेत ओनी खोकला आणि म्हणाला, "पुरे आता, बाहेर चला, मासा थंड होतोय."

ऐलाने पुढे नऊ वर्षं ते काम केलं. त्या काळात आणखी दोनदा ती उतरली नाही. एकदा कोरियाला गेली, एकदा दोन दिवसांनी हेलिकॉप्टरने परत आली. ओनी त्याच जुन्या घरात वारला, आणि त्या दिवशी ती त्याच्याजवळ होती. आता तिचा उजवा खांदा वर जात नाही आणि दोन्ही गुडघे बदललेत. ब्रिटा तिच्याशी अजून कधीकधी भांडते, वाढदिवसांवरूनच. पण दर रविवारी मुलांना घेऊन जेवायला येते, आणि उशीर झाला तर ऐला खिडकीशी उभी राहून रस्त्याकडे बघत असते.