मावशीच्या दंडावरचा शिक्का

कांजण्यांचा विषय निघाला की मावशी चोळीची बाही वर सारायची आणि दंडावरचा गोल वण दाखवायची. लहानपणी देवीची लस टोचली होती, तिचा. म्हणायची, "सरकारी शिक्का हाय. मला काय हुतंय?"

आमच्या गावात, पाटोद्याकडं, ऊसतोडीला गेलेल्यांच्या लेकरांचं वसतिगृह चालतं. ती तिथं भाकरी थापायची, मी दारावर राखणीला. मी चौथी शिकलेलो, ती तेवढीही नाही. तरी पोरं ऐकायची तिचं. तुमच्याही गावात असं माणूस असेल, बघा.

त्या हिवाळ्यात एका पोरीच्या अंगावर पाण्याचे फोड उठले. मावशीनं आजाराचं नाव काढू दिलं नाही. "बाई आल्यात. नीट बोला." फोडणी बंद केली, कडूलिंबाचा पाला अंथरला. मग कोणाला आधी येऊन गेल्यात ते विचारत सुटली. लेकरांना काय ठाऊक? फडात फोन लावला, तर एकीची आई म्हणाली, "ध्यानात न्हाई, मावशी. तवाबी आमी फडातच हुतो."

मी म्हणालो, "मावशी, तुला तरी येऊन गेल्यात का?"

"शिक्का असताना कावून येतील, दादा? तुमी आपली कुत्री हाकला."

एकामागं एक पोरं पडली. ती त्यांच्यातच निजायची. खाजवू नयेत म्हणून त्यांचे हात धरून बसायची. पोरं उठली, अंगणात खेळायला लागली, आणि ती पडली. अंगभर फोड आणि लई धाप. जीप आणली तर म्हणे, "भाकरी कोण करील?"

दवाखान्यातला तरणा डॉक्टर हळू बोलला. "बाबा, ती लस देवीची. कांजण्यांना ती चालत नाही. मोठ्या माणसाच्या त्या छातीत उतरतात."

मला त्याचा राग आला. अजून आहे. टोचायला सरकारी माणसं आली होती गावात. ती कशाला चालत नाही, हे सांगायला कोण आलं?

मावशी परत आली नाही.

पोरांच्या तोंडावर खड्डे राहिलेत. त्यांना आता सहसा पुन्हा येत नाहीत म्हणे. परवा ती बाह्या वर करून एकमेकांच्या दंडावर मावशीचा शिक्का शोधत होती. देवीची लस आता टोचत नाहीत; तसा मोठा गोल वण एकालाही सापडला नाही. मग माझ्याकडं आली.

"मामा, तुमचा दाखवा की."

माझ्या दंडावर आहे. मी बाही कोपराच्या खाली ओढून घेतली.