आडनावाच्या रकान्यात एकच अक्षर

एन. रुक्मिणीबाई यांची आणि माझी पहिली भेट एका मंगळवारी जयनगरमधल्या आमच्या कंपनीच्या ऑफिसात झाली, आणि पहिल्या दहा मिनिटांतच मी त्यांना चूक ठरवले. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात हे आधी नोंदवणे मला आवश्यक वाटते.

आम्ही एका खासगी इस्पितळासाठी वेबसाइट तयार करत होतो. रुग्णाने घरून किंवा सायबर कॅफेतून डॉक्टरांची वेळ घ्यावी, खिडकीपुढे रांग लावावी लागू नये, अशी योजना होती. सुरू करण्याआधी ती चार सामान्य माणसांकडून वापरून घ्यायची आणि त्यांचे मत फॉर्मवर नोंदवायचे, हे काम माझ्याकडे होते. पुण्याहून या कन्नड शहरात येऊन मला पाच महिने झाले होते. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. वेबसाइट ठरल्या सोमवारी सुरू झाली तरच ती कायम होईल, असे प्रकल्पप्रमुखांनी स्पष्ट सांगितले होते. त्यांचे नाव मी येथे लिहीत नाही. तेही आपल्या इथल्या मराठी मंडळाचे सभासद आहेत आणि हा ग्रंथ वाचतील.

वापरून पाहायला माणसे मंडळानेच दिली. त्यांत रुक्मिणीबाई होत्या. तीस वर्षे एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे घराणे या शहरात किती पिढ्यांपासून आहे असे विचारले, तर ‘मोजल्या नाहीत’ असे उत्तर मिळते. सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी त्या दिवशी मॅडम म्हणाले.

त्यांनी नाव टाइप केले, आडनावाच्या रकान्यात ‘एन’ हे एकच अक्षर घातले आणि बटण दाबले. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली, की नाव चुकीचे आहे. मी त्यांना आडनाव पूर्ण लिहायला सांगितले. त्या म्हणाल्या, पूर्णच आहे. एन म्हणजे वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर, इथे निम्म्या गावाची नावे अशीच असतात. मग सध्या काहीही घाला, पान पुढे जाईल, असे मी सुचवले. त्यांनी काहीही घातले नाही. आडनावात किमान दोन अक्षरे हवीत, ही अट प्रोग्राममध्ये मी स्वतः लिहिली होती. पुण्यात ती कोणाला टोचली नसती.

फॉर्मवर ‘कारण’ या शब्दापुढे मी लिहिले: वापरणाऱ्याची चूक. टेबलापलीकडून त्यांनी ते उलटे वाचले. खिडकीवर बसणाऱ्यांना ती सवय असते.

“खोड ते,” त्या म्हणाल्या. “तुझं मशीन म्हणतं माझं नाव चूक. माझ्या बारशाला आलं होतं का ते?”

मग आवाज न चढवता त्यांनी मला समजावले. रकाना भरायचा म्हणून माणूस गावाचे, नवऱ्याचे, सुचेल ते नाव घालतो, आणि मग त्याचा जुना केसपेपर सापडत नाही. त्यांच्या दवाखान्यात एक बाई सकाळपासून बाकावर बसून होत्या. कागदावर चढलेल्या नावाने त्यांना तीनदा हाक मारली गेली. त्या उठल्या नाहीत, कारण ते त्यांचे नाव नव्हते. डॉक्टर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी रुक्मिणीबाई यशवंतपूरच्या आपल्या शेजारपाजारची माणसे घेऊन आल्या. मला मागे स्टुलावर बसवले आणि दोन नियम घातले: बोलायचे नाही, बोट दाखवायचे नाही. प्रत्येकाचे म्हणणे त्या वहीत त्याच्याच शब्दांत लिहून घेत होत्या, कन्नड असेल तर कन्नडमध्ये. एकाच्या तक्रारीचा सारांश मी ‘वापरताना गोंधळ’ असा केला. त्यांनी तो खोडला. तो मनुष्य म्हणाला होता, “मला हाकललं.” तेवढेच लिहायचे, असा त्यांचा आग्रह होता. लोकांचे ऐकणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही प्रशिक्षणात इतके नेमके कोणी सांगितलेले नाही.

शनिवारी प्रकल्पप्रमुखांनी ‘चाचणी समाधानकारक’ असे छापलेला कागद सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला. ते अतिशय नम्रपणे बोलले. “अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. सोमवारी उद्घाटनाला शाल-श्रीफळ देऊन तुमचाच सत्कार करू.”

“शाली घरी आहेत. नावही आहे. ते आधी घ्या.”

तेव्हा प्रकल्पप्रमुखांनी माझ्याकडे बोट केले. या मुलीची नोकरी अडकली आहे, एवढा तरी विचार करा, असे ते म्हणाले. ते खरे होते, आणि रुक्मिणीबाई आता नरमतील असे मला वाटले. नरमाव्यात असेही वाटले. ते लपवण्यात अर्थ नाही.

“नोकरी तिची आहे,” त्या म्हणाल्या. “तिलाच विचारा.”

मला कोणी विचारले नाही. मी माझा पहिला फॉर्म काढला, ‘वापरणाऱ्याची’ हा शब्द खोडला, त्यावर ‘प्रोग्रामची’ असे लिहिले, शेजारी सही केली आणि तो छापील कागदावर ठेवला.

सोमवारी वेबसाइट सुरू झाली नाही. माझी नोकरी कायम होणे तीन महिने लांबले. रुक्मिणीबाईंनी याबद्दल कधी खेद व्यक्त केला नाही आणि तो करायला हवा होता असे मला वाटत नाही. पुढचे दोन आठवडे मात्र त्या रोज दोन बस बदलून येत, केलेली प्रत्येक दुरुस्ती स्वतः वापरून पाहत, आणि दुपारी चित्रान्नाच्या, म्हणजे इथल्या लिंबूभाताच्या, डब्यातला अर्धा भाग माझ्यापुढे सरकवत. शेवटी नावाचे तीन रकाने जाऊन एक राहिला: ‘तुमच्या कागदावर आहे तसे नाव’. त्यात त्यांनी आपले नाव घातले, पान पुढे गेले. मी शाबासकीची वाट पाहिली.

“सरी,” म्हणजे ठीक आहे, एवढेच त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. “आता अक्षरं मोठी कर.”

रुक्मिणीबाई हेकट आहेत, असे मंडळात काहींचे मत आहे. या लेखाचा सूर जरा मवाळ करावा, असे संपादकांनीही मला दोनदा सुचवले. मी लेख पुन्हा वाचला. त्यात घडले नाही असे एकही वाक्य सापडले नाही, म्हणून एकही बदललेले नाही. आज ती वेबसाइट वापरणाऱ्या कोणालाही परके नाव घालावे लागत नाही, आणि हे कोणाच्या मवाळपणामुळे झालेले नाही.

रुक्मिणीबाईंना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो, डोळे आणि कान शेवटपर्यंत असेच तल्लख राहोत. त्यांच्याशी ज्यांचे पटत नाही त्यांनाही तेवढेच आयुष्य लाभो. पटायला वेळ लागतो. मला पाच दिवस लागले.