बैलांविना पट

सर्जेराव तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटत होतो. उरलेला गठ्ठा चहावाल्याकडे ठेवला आणि त्यांच्या गावाची, कड्याची गाडी धरली. तात्या झोपेतच गेले, घरी, खाटेवर. वेगाचं एवढं वेड असलेल्या माणसाला इतकं निवांत मरण... मला ते अजून पटत नाही.

आमची ओळखही पत्रकावरूनच झाली. 'रस्त्यावरच्या शर्यती बंद करा' असं मी छापलं होतं, कारण हायवेवर फटफटी पळवताना आमच्या कॉलेजातला एक पोरगा गेला होता आणि लोक त्याच्या आईबापालाच दोष देत बसले होते. तात्यांनी पत्रक वाचलं, घडी घातली आणि माझ्याच खिशात परत ठेवलं. म्हणाले, "बंद करा, बंद करा. पोरांनी जायचं कुठं, ते काऊन लिवलं न्हाई बे?"

तात्या जुने शंकरपटवाले. बैलांच्या शर्यतींवर बंदी होती त्या काळात कड्याजवळच्या त्यांच्या माळावरची सरळ वाट रिकामी पडली. तिथंच त्यांनी डांबर टाकून ड्रॅग स्ट्रिप केली. शेजारी शेजारी दोन पट्ट्या, सुरुवातीला दिव्यांचा खांब, पुढे गाडी थांबवायला लांब मोकळी जागा. मोटरस्पोर्ट म्हटलं की चेन्नई, कोइमतूर, नोएडा. तिथं वळणावळणाचे ट्रॅक, महागड्या गाड्या, आणि आमच्या पोरांनी ते मोबाईलवर बघायचं. याची मला चीड येते आणि येत राहील. ड्रॅग हा त्यातला सगळ्यात मोकळा खेळ. सरळ वाट, दोन गाड्या, हेल्मेट आणि घड्याळ. वाटेला जागा लागते, आणि ती आमच्याकडे रग्गड आहे.

परवानगीसाठी आम्ही कचेऱ्या झिजवल्या. 'ड्रॅग' म्हटलं की समोरचा दचकायचा, त्याला 'ड्रग' ऐकू यायचं. शेवटी तात्या वैतागून एका साहेबांना म्हणाले, "साहेब, पट हाय. बैलाच्या जागी फटफटी, येवढंच." साहेबांना लगेच कळलं. इतकं कळलं की परवानगीत अट आली: प्रत्येक स्पर्धकाची पशुवैद्यकीय तपासणी. मी भांडायला निघालो, तर तात्यांनी हात धरला आणि दोन फटफट्या सरळ जनावरांच्या दवाखान्यात नेल्या.

डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तात्या, हिला दात न्हाईत. वय कसं सांगू?"

"वय ऱ्हाऊ द्या. बिरेक बघा, टायर बघा."

डॉक्टर हसले, पण खरंच उकिडवे बसून त्यांनी ब्रेक बघितले. तेव्हापासून तपासल्याशिवाय एकही गाडी पट्टीवर गेलेली नाही. पोरं त्या तपासणीला अजून 'डॉक्टर' म्हणतात. "डॉक्टर झाला का बे तुझा?"

दहाव्यानंतर भावकी बसली. तात्या गेले, खेळ संपला, माळ सोलरवाल्याला देऊन टाका. पट्टी गेली की पोरं परत हायवेवर जाणार, हे मी तावातावानं मांडलं. पत्रकाची भाषा तिथं काही चालली नाही. तेवढ्यात तात्यांच्या पत्नी, काकू, आतून बाहेर आल्या. माळ त्यांच्या नावावर. शर्यत त्यांनी कधी बघितली नव्हती. आवाजानं डोकं उठतं म्हणायच्या.

थोरल्या दिराला त्या म्हणाल्या, "भावजी, तुमचा नातू रविवारी कुठं असतो, ठाव हाय का?"

उत्तराची वाट न बघता त्याच पुढं म्हणाल्या,

"माळावर असतो. हितून आवाज येतो मला, म्हणून कळतं. उद्या हायवेला गेला तर कुणाला ऐकू येणार हाय?"

सोलरचा विषय तिथंच मिटला.

शर्यतीच्या सकाळी तात्या पट्टीवरून अनवाणी चालायचे. बारका खडा डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतो, आणि त्या वेगात तेवढा खडाही जीव घेतो. परवाच्या रविवारी मी पोचलो तर गाड्या रांगेत उभ्या होत्या, इंजिनं बंद. पट्टीच्या मधोमध काकू, चपला हातात घेऊन, खाली बघत हळूहळू चाललेल्या... टोकाशी वाकल्या, काहीतरी उचललं, पदराच्या टोकात बांधलं, आणि दुसऱ्या पट्टीनं परत फिरल्या. त्या पोचेपर्यंत एकाही पोरानं किक मारली नाही.